फक्कीचा फलाट

रविवार, १३ जानेवारी १९८५

आज कॉलनीच्या मांडवात जपान दाखवला. पांढऱ्या चादरीवर. चादर आमचीच, त्यामुळे तिच्यावरचा चहाचा डाग सगळ्या जपानभर हिंडला. कधी स्टेशनमास्तरच्या टोपीवर, कधी एखाद्या डोंगरावर.

प्रोजेक्टर नंदकुमारचा. कॉलेजात तो माझ्या वह्या वापरायचा, आता 'उगवती' कंपनीचा विक्रीप्रमुख आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, तळवलीच्या अलीकडे, ही आमची चार बिल्डिंगांची कॉलनी याच कंपनीनं बांधली, नावही उगवतीच. मी फ्लॅट घेतला तो त्याच्याच शब्दावर. कंपनीनं त्याला पंधरा दिवस ओसाकाला पाठवलं होतं, तिथले हे फोटो.

गाड्या मात्र अशा होत्या की मांडवातली पोरंसुद्धा गप्प झाली. रंगच दिलेला नाही, नुसतं झळझळीत स्टील. दारं आपोआप मिटतात. आत हिरव्या मखमलीच्या गाद्या, आणि त्या कोणी ब्लेडनं फाडलेल्या नाहीत. मोटरमनच्या हातात पांढरे हातमोजे, जणू तो गाडी चालवणार नसून कोणाच्या लग्नात वाढणार आहे.

"आणि ही रेल्वे सरकारची नाही बरं का," नंदकुमार म्हणाला. "खाजगी कंपनीची आहे. कंपनी रूळ टाकते, रुळाच्या टोकाला कॉलनी बांधते, आणि स्टेशनच्या डोक्यावर स्वतःचं सात मजली दुकान काढते. माणूस घरातून निघाला की कंपनीच्या गाडीत, उतरला की कंपनीच्या दुकानात! आपण फक्त क्रम बदललाय. कॉलनी आधी, रूळ मागून. उगवती ते ठाणे, अकरा मिनिटं!"

टाळ्या. अशा टाळ्यांची टिंगल करण्यावर साप्ताहिकातलं माझं सदर बारा वर्षं चाललंय. आज मीही वाजवल्या, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

शनिवार, २६ जानेवारी

नंदकुमार जेवायला आला. जयमालेनं केलेलं भरलं वांगं त्यानं तीनदा मागून घेतलं आणि तिला म्हणाला, "वहिनी, गिरगावच्या खोलीचं काय केलंत? बंदच असते का?"

खोली जयमालेच्या वडिलांची, भाड्याची; पावती आता तिच्या नावावर. तिची शाळा तिथून चार मिनिटांवर. सध्या ती दुपारच्या वर्गांना शिकवते, म्हणून इथून जाऊन येऊन जमतं. परीक्षांच्या दिवसांत ती तिथेच राहते.

"बंद नसते. मी असते ना अधूनमधून."

"प्रशस्त आहे नाही? गॅलरी पण आहे. घरमालक कटकट्या आहे का हो?"

किती आपुलकीनं चौकशी करतो! तो गेल्यावर जयमाला भांडी आवरता आवरता म्हणाली, "हा तुझा मित्र स्वतः कुठे राहतो?"

"माहीममध्ये."

"मग उगवतीला का नाही राहत?"

या बाईला आनंदात मीठ टाकायची सवय आहे. शिक्षिका आहे, चालायचंच.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

कंपनीसाठी पुस्तिका लिहितोय: 'आपली रेल्वे, आपली शिस्त'. मोबदला नको म्हटलं. मित्राचं काम.

नंदकुमारनं आणलेल्या इंग्रजी मासिकांत एक गंमत सापडली. तिकडचा मोटरमन सिग्नल नुसता बघत नाही, तर त्याच्याकडे बोट करून मोठ्यानं म्हणतो, "सिग्नल हिरवा!" एकटाच असला तरी म्हणतो. डोळ्यांनी बघितलं ते तोंडानं म्हटलं की चूक होत नाही म्हणे.

फलाटावर खुणा रंगवलेल्या असतात. डब्याचं दार बरोब्बर त्या खुणेसमोर येऊन उभं राहतं. माणसं आधीच रांग लावून ठेवतात. मला हे वाचून गलबलून आलं. आमच्याकडे देवळातसुद्धा दार कुठे उघडेल याचा भरवसा नसतो.

रविवार, १७ मार्च

पहिली तालीम.

कल्पना गंगारामची. गंगाराम सोनवणे मूळ परभणीकडचा, टेलिफोन खात्यात लाइनमन, आणि आमच्या प्रवासी संघाचा सेक्रेटरी. (अध्यक्ष मी. गाडी नाही, पण संघ आहे. मराठी माणसाला कार्यकारिणी आधी लागते.) माझी पुस्तिका वाचून तो म्हणाला, "सर, गाडी आल्यावर शिस्त शिकत बसलो तर लोक पहिल्याच दिवशी दारं उखडतील. आत्तापासून सवय लावू."

पुस्तिकेत डब्याची लांबी दिली होती. त्यानं कॉलनीसमोरच्या मोकळ्या शेतात दोरी धरून मापं घेतली आणि खो-खोच्या मैदानासारखी चुन्याची फक्की टाकून फलाट आखला. दर डब्याला चार दारं, दर दाराला दोन रांगा. पन्नासेक माणसं आली, काही जण तर इस्त्रीच्या कपड्यांत. निम्म्यांनी उतरणाऱ्यांचं काम केलं, निम्म्यांनी चढणाऱ्यांचं. गंगाराम शिट्टी मारी आणि बोट करून ओरडे, "दार क्रमांक तीन, मोकळं!"

दुसऱ्या खेपेला बी बिल्डिंगमधल्या दोन बायकांचं खिडकीवरून वाजलं. खिडकी कुठली, डबा कुठला! पण आता त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

बांधावर तळवलीची मुक्ताबाई उभी होती, डोक्यावर भाजीची पाटी. ती इथे नेहमी येते.

"कनची गारी येवाची हाय?"

म्हटलं, "विजेची. जपानसारखी."

"रूल नाय, गारी नाय, न् तुमी लाइनीन उबं?"

"सवय करतोय, बाई."

"करा बाबा. पन ही जागा माजी हाय. मना कोनी इचारलं नाय."

तिची समजूत घातली की कंपनीनं सगळे व्यवहार केव्हाच उरकलेत, तिच्या मुलानं कुठेतरी सही केली असणार. ती हसली. म्हाताऱ्या माणसांना जमिनीचा मोह सुटत नाही.

रविवार, २१ एप्रिल

मीटिंगमध्ये खडाजंगी. सकाळी सहा-दहाची लाल बस चुकली तर पुढची साडेसातला, तीही भरून येते आणि थांबत नाही. जास्त बस मिळाव्यात म्हणून एक तारखेला ठाण्याला मोर्चा न्यायचा असं गंगारामनं ठरवलं होतं. बोर्डसुद्धा रंगवून तयार.

नंदकुमार नेमका आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुध्या, काय करताय हे? तिकडे परवानगीची फाइल शेवटच्या टेबलावर आहे. तुम्ही बस मागितलीत की ते म्हणणार, यांना बस चालते, मग रेल्वे कशाला? एक वर्ष कळ काढा."

पटलं. मी उभा राहून बोललो. चांगलं बोललो असणार, कारण लोक दोनदा हसले आणि मोर्चा रद्द झाला. गंगाराम बोर्ड गुंडाळत एवढंच म्हणाला, "तुमी म्हणता म्हणून, सर."

शनिवार, ८ जून

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

जयमालेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत. जागा हिचीच. एकवीस वर्षं झाली तिला तिथे. पण मुख्याध्यापिकेला सकाळी पावणेसातला फाटकात उभं राहावं लागतं. इथून ते अशक्य, खोलीवरून शक्य.

आणि नंदकुमारनं योजना आणली: गिरगावची खोली कंपनी सांगेल त्याच्या नावावर करून द्यायची, बदल्यात आपला हा मागचा फ्लॅट देऊन स्टेशनसमोरचा, एक खोली जास्त असलेला फ्लॅट घ्यायचा.

"आणि सकाळी मी शाळेत कशी जाणार?" जयमालेनं विचारलं.

"पाच-चाळीसची गाडी," मी म्हणालो. "पुढच्या मेपर्यंत सुरू. नंदकुमारनं शब्द दिलाय."

"त्याचा शब्द नको सांगूस. तू सांग. तू खात्री केलीस का?"

"केली."

काय खात्री केली होती? नंदकुमारच्या डोळ्यांत बघितलं होतं. मित्राची खात्री आणखी कशी करतात?

तिनं सही केली. कागदावर पेन टेकवण्याआधी ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी घड्याळाकडे बघितलं.

रविवार, १४ जुलै

नव्या फ्लॅटमध्ये आलो. गॅलरीतून स्टेशनची जागा थेट दिसते. म्हणजे दिसायची, सध्या मुक्ताबाईनं तिथे भात लावलाय. तिसऱ्या दारात गुडघाभर पाणी.

नंदकुमारला फोन केला. म्हणाला, "लावू दे रे. म्हातारीचं शेवटचं पीक. कंपनी एवढी निर्दय नाही." याला म्हणतात माणुसकी. जपानला जाऊन माणूस सुधारतो.

रविवार, २४ नोव्हेंबर

भात कापून झाला, तालमी पुन्हा सुरू. आज कंपनीचा फोटोग्राफर आला होता, शिडी घेऊन. नंदकुमारनं सगळ्यांना चांगले कपडे घालून यायला सांगितलं होतं. कोणाच्या हातात छत्री, कोणाच्या डबा, कोणाच्या बगलेत पेपर. "सगळ्यांनी उजवीकडे बघा, गाडी येतेय असं!" आम्ही बघितलं. शपथेवर सांगतो, क्षणभर मला दिवे दिसले.

जयमाला आली नाही. तिला पेपर तपासायचे होते. गॅलरीत बसून तपासत होती.

बुधवार, २२ जानेवारी १९८६

जयमाला शाळेतून उशिरा आली. पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "खोलीवर गेले होते."

"कशाला?"

"वर्गातल्या एका मुलीची आई म्हणाली, तुमच्या खोलीत नवं जोडपं आलंय, पडदे फार छान लावलेत. म्हटलं, बघून यावं. दार स्मितानं उघडलं."

"कोण स्मिता?"

"नंदकुमारची मुलगी. दिवाळीनंतर लग्न झालं तिचं, आपण जेवून आलो की. गोड आहे पोरगी, मला आत बोलावलं, सरबत दिलं. म्हणाली, 'बाबा म्हणत होते नवी मुंबईत फ्लॅट घेऊन देतो, पण मावशी, तिथून रोज कोण येणार-जाणार? आमच्या ह्यांचं ऑफिस फोर्टात.'"

मी म्हटलं, योगायोग असेल. कंपनी सांगेल त्याच्या नावावर, असं कागदातच होतं. कंपनीनं त्याला सांगितलं असेल.

जयमालेनं माझ्याकडे बघितलं. वर्गातल्या ढ मुलाकडे ती अशी बघत असावी. रागानं नाही; याला वरच्या वर्गात ढकलावं की नाही, अशा विचारात.

सोमवार, १७ फेब्रुवारी

रजा टाकून कंपनीच्या फोर्टातल्या ऑफिसात गेलो. नंदकुमार जागेवर नव्हता. टायपिस्ट बाईंना म्हटलं, उगवती रेल्वेच्या परवानगीची फाइल बघायचीय.

"कसली?"

"रेल्वेची."

त्यांनी मशीनवरचे हात काढले. "अहो, खाजगी कंपनीला आपल्याकडे रेल्वे कोण काढू देतं? असली काही फाइल नाही. तुम्ही कामोठ्याचं बुकिंग करायला आलात का?"

आणि त्यांनी माझ्यापुढे नवीन रंगीत पत्रक ठेवलं. 'उगवती-२, कामोठे.' मुखपृष्ठावर फलाट. फलाटावर आम्ही. गंगाराम शिट्टी तोंडात धरून, बी बिल्डिंगमधल्या दोघी एकमेकींकडे पाठ करून, आणि मी, पेपर बगलेत, उजवीकडे बघणारा. आमच्यापुढे ती स्टीलची झळझळीत गाडी कापून चिकटवलेली. फक्की बरोबर दारांसमोर. गंगारामची मापं चुकत नाहीत.

खाली ओळ: 'आमच्या पहिल्या वसाहतीतील सुखी प्रवासी.' आतला मजकूर माझा. स्वल्पविरामसुद्धा माझेच.

नंदकुमार जिन्यात भेटला. मी पत्रक पुढे केलं. त्याचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. तो हसला.

"छान आलंय ना?"

"नंदू, गाडी येणार नाही?"

"अरे, आज ना उद्या सरकार काहीतरी काढेलच की."

"आणि मुक्ताबाईचं शेत?"

"ते कधी घेतलंच नाही. द्यायलाच तयार नव्हती ती."

"मला का नाही सांगितलंस?"

तेव्हा तो खरंच बुचकळ्यात पडला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुध्या, काय बोलतोस? दर आठवड्याला तू जगाची पोल खोलतोस. मला वाटलं, तुला कळलंय. कळूनसुद्धा मित्रासाठी लिहितोय, असंच मी घरी सांगितलं. खोलीचं म्हणशील तर स्मिताला गरज होती, आणि तुला मोठा फ्लॅट मिळाला की. कोणाचं नुकसान झालं सांग!"

वह्या त्यानं कॉलेजात परत केल्या नव्हत्या तेव्हाही असंच म्हणाला होता: तुला तर सगळं पाठ आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सदर लिहायला बसलो. नंदकुमारवर दोन कागद झक्कास उतरले. मग लक्षात आलं की या गोष्टीतलं सगळ्यात हास्यास्पद पात्र तो नाहीच. कागद फाडले. संपादकांना कळवलं, बरं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज तालमीला चाळीस जण आले होते. रांगा लागल्या. गंगारामनं शिट्टी तोंडात घातली तेवढ्यात मी म्हटलं, थांबा.

सांगितलं. विनोद न करता बोलायची सवय नाही, त्यामुळे दोन-तीन जण सवयीनं हसले आणि मग थांबले. पत्रक हातोहात फिरलं. एका बाईनं त्यात आधी स्वतःला शोधलं, "मी कुठाय?" असं म्हणत. सापडल्यावर ती रडायला लागली.

मला वाटलं होतं, कोणी कॉलर धरेल. कोणी धरली नाही. रांगासुद्धा मोडल्या नाहीत. दीड मिनिट माणसं तशीच आपापल्या खुणेवर उभी होती. शिस्त खरंच लागली होती.

गंगाराम जवळ आला. "सर, एक विचारू? मोर्चाच्या वेळी तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग ठीक आहे." मग शिट्टी खिशात टाकून, "तसं ठीक नाही. एक वर्ष रांगेत उभं राहिलो आपण. मोर्चात राहिलो असतो तर पाय तेवढेच दुखले असते, पण बस आली असती."

मुक्ताबाई बांधावरून ऐकत होती. म्हणाली, "मी तवाच सांगतलं व्हतं ना, जागा माजी हाय." आणि मग, माझी कीव येऊन असेल, "खेलाचं आसंल तर खेला. माजं काय जातंय? भाताच्या आवनीपत्तोर रिकामीच हाय."

शनिवार, १२ एप्रिल

गंगारामनं नवे बोर्ड रंगवलेत. अध्यक्ष आता तोच. मला मोर्चाचं निवेदन लिहायला सांगितलं, मग वाचून परत दिलं. "सर, जरा साधं लिहा. साहेब लोकांना हसू नाही यायला पाहिजे."

जयमाला माझ्याशी बोलते. भाजी काय आणू, दूधवाल्याला सुट्टी कधीपासून. नंदकुमारचं नावसुद्धा काढत नाही. एकदा मीच काढलं, म्हटलं, "त्यानं गळा कापला माझा."

ती पोळी लाटत होती. म्हणाली, "त्यानं तुला फसवलं. मला नंदकुमारनं काही सांगितलं नव्हतं. मला तू म्हणालास, 'केली.'"

पोळी फुगली, तिनं उतरवली, दुसरी टाकली.

शुक्रवार, ३० मे

शाळेनं पत्र दिलं. नऊ जूनपासून मुख्याध्यापिका. मी म्हटलं, नको म्हणून कळव, इथल्या शाळेत बघू. खालच्या पगारावर का होईना, घराजवळ.

ती म्हणाली, "बावीस वर्षं मी त्या फाटकातून आत जातेय. आता नको म्हणायला मी काय चूक केलीय?"

पत्र तिनं कपाटात ठेवलं. होकार कालच कळवून आली होती.

रविवार, ८ जून

दादरला नोकरदार बायकांचं वसतिगृह आहे. आज जयमालेला तिथे पोचवायला गेलो. वळकटी, एक ट्रंक, स्टोव्ह. सोमवार ते शनिवार ती तिथे राहील, शनिवारी रात्री इकडे येईल. सेहेचाळीसाव्या वर्षी बायकोला वसतिगृहात घालणारा माणूस मी एकटाच असेन.

रेक्टर बाईंनी फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: 'विवाहित असल्यास व पती हयात असल्यास, वेगळे राहण्याचे कारण.'

जयमालेनं पेन माझ्याकडे दिलं. "तू लिही. तुझं काम आहे ते."

मी लिहिलं. कंपनी, तिची जाहिरात, खोलीचा करार, विश्वासघात, सगळं. रकाना पुरेना, तेव्हा समासात चढलो. तिनं शांतपणे वाचलं, दुसरा कोरा फॉर्म मागून घेतला आणि त्या रकान्यात स्वतः लिहिलं:

'पती नवी मुंबईत राहतात.'

रेक्टर बाईंनी वाचलं, चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुढे काही न विचारता शिक्का मारला.

पुरुषांना जिन्याच्या पुढे प्रवेश नव्हता. वळकटी जयमालेनं स्वतःच उचलली.